हात खांद्याच्या वर न्यायचा नाही

माझ्या आजारपणात मी महालक्ष्मीला एक शब्द देऊन बसले होते, आणि त्या वर्षी तो शब्द मोडायची वेळ आली. तोवर मला वाटायचं, आपली श्रद्धा चांगली पक्की आहे. वेळ आली तेव्हा कळलं की तिच्यात निम्मी भीतीच भरलेली होती. ही भीती कशी होती ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं फारच सोपं वाटेल.

मी एसटीत कंडक्टर आहे. घर कुरुंद्याला, ड्युटी वसमत आगाराची. काही वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर होता. स्तन काढावा लागणार हे ठरलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, त्याच ऑपरेशनमध्ये आत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं का, म्हणजे बाहेरून काही कळणार नाही. मी क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं. कंडक्टरच्या पिशवीचा पट्टा छातीवरून तिरपा जातो, आणि दिवसभर लोकांच्या गर्दीतून वाट काढायची असते. कुणी वाईट नजरेनं बघितलं तर तोंडावर बोलायची ताकद माझ्यात आहे, पण कुणी कीव करून बघितलं तर काय बोलायचं हे मला अजूनही येत नाही. ती कीव टाळायला मी ते इम्प्लांट बसवून घेतलं. घरचे सोडून ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती.

ऑपरेशननंतर केमो सुरू झाली. केस गेले, तोंडाची चव गेली, जिन्याच्या दोन पायऱ्या चढले तरी भिंत धरावी लागायची. त्यातच भादव्यातल्या महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे या सणापुढे दिवाळीसुद्धा मागे पडते. पत्र्याच्या दोन कोठ्या असतात, तेच देवीचं धड. त्यांत गहू-तांदूळ भरायचे, वर साडी नेसवायची, पितळी मुखवटे बसवायचे, डोक्यावर लाडू-करंज्यांचा फुलोरा टांगायचा. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी तीन दिवस माहेरपणाला येतात. सासूबाईंनी हे काम माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझ्या हातात दिलं होतं. त्या केमोच्या वर्षी मी कोठीला टेकून उभी राहिले आणि मनातल्या मनात म्हणाले, तू मला उभी ठेव, मी दरवर्षी माझ्या हातानं तुला उभी करीन. देवीनं ऐकलं. तपासण्या चांगल्या येत गेल्या. मी पुन्हा गाडीवर गेले, पुन्हा पूर्वीसारखी ओरडू लागले, 'पुढं सरका, पुढं सरका, मागं काय गंगा वाहून राहिली?' दरवर्षी महालक्ष्म्या माझ्याच हातानं उभ्या राहत होत्या. धाकट्या जावेला मी मुखवट्याला बोटसुद्धा लावू देत नव्हते. तिला वाटायचं, अक्का फार मानी आहेत. मानी कसली, मी घाबरलेली होते. एक वर्ष जरी दुसऱ्याचा हात लागला तर तो आजार पुन्हा दार ठोठावेल, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

मग इम्प्लांट दुखायला लागलं. शरीर त्याच्याभोवती एक पापुद्रा धरतं, माझ्या बाबतीत तो आवळत आवळत दगडासारखा घट्ट झाला होता. माझ्यासारख्या केमोनंतर रेडिएशनही घेतलेल्या बायांना असं होऊ शकतं, असं नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. कॅन्सर परतलेला नाही, हे त्यांनी आधी सांगितलं आणि मगच खुर्चीवर बसवलं, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर आभारी राहीन. नवीन इम्प्लांट घालता येईल किंवा नुसतं काढून टाकता येईल, निवड माझी होती. मला पट्ट्याखालची ती ठणक आठवली. खड्ड्यातून गाडी गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी म्हटलं, काढून टाका, आता आत काही नको. परतीच्या वाटेवर यांना विचारलं, 'तुम्हाला काय वाटतं?' आमचे हे हळदीचे शेतकरी, बोलण्यात कंजूस. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, 'तुला दुखत न्हाई ना मंग, तेवढंच बघायचं.' मला तेवढं पुरलं.

डॉक्टरीणबाईंनी नियम घालून दिले. सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. वजन उचलायचं नाही. पहिले काही दिवस काखेखालून एक नळी बाहेर असेल, तिच्या डबीत पाणी साठेल, ते रोज ओतून टाकायचं. सरळ पाठीवर झोपायचं. हादरे बसतील असा प्रवास टाळायचा. मी विचारलं, 'गाडीवर कधी जाऊ?' त्या हसून म्हणाल्या, 'तुमची गाडी म्हणजे हादऱ्यांचंच दुकान. सहा आठवडे घरी, मग थोडे दिवस बसून करायचं काम मिळतं का बघा, आणि मग गाडी.' वेळापत्रक आखायचं म्हटलं की माझ्या अंगात येतं. शाळा सुरू झाल्याची गर्दी ओसरली की ऑपरेशन, मग वैद्यकीय रजा, मग चौकशीच्या खिडकीवर हलकी ड्युटी, आणि दिवाळीच्या गर्दीआधी पुन्हा गाडीवर. आगारातल्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, 'बाई, तुम्ही आमच्यापेक्षा नीट गाड्या लावता.' महालक्ष्म्याही मी त्यात बसवल्या होत्या. सहा आठवडे संपायचे आणि लगेच देवीचा सण यायचा, असा बरोबर हिशेब. हात मोकळा झाल्याबरोबर पहिलं काम देवीचं, या विचारानं मला फार समाधान वाटलं होतं.

घराचीही तयारी केली. वरच्या फळीवरचे डबे खाली आणले. पाण्याचा माठ कट्ट्यावरून काढून कमरेइतक्या तिपाईवर ठेवला, म्हणजे वाकायलाही नको आणि हात वर न्यायलाही नको. यांनी अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडून खाली बांधली, इतकी खाली की स्वतःच तिला दोनदा अडकून पडता पडता वाचले. डोक्यावरून घालायचे कपडे चालणार नाहीत म्हणून समोर बटणं असलेले गाऊन शिवून घेतले. वेणी कोण घालणार हा मोठाच प्रश्न होता, तो मी केस खांद्यापर्यंत कापून सोडवला. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'ह्या वयात फॅशन करून राहिली का?' मी म्हटलं, 'व्हय काकू, हिरॉईन व्हायचंय.' खरं कारण सांगायचं धाडस तेव्हा झालं नाही.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर पट्ट्या होत्या आणि आत एक विचित्र हलकेपण होतं. तिसऱ्या दिवशी धाकटी जाऊ सुरेखा भेटायला आली. दीर हट्टा गावी शिक्षक आहेत, ती तिथेच असते. तिनं डबा उघडला, भाकरी कुस्करून दुधात घातली आणि मला भरवता भरवता म्हणाली, 'अक्का, पुढल्या आठवड्यात राखी हाय, मी माहेरी जाऊन लगोलग परत येते.' माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. राखी? इतक्यात? राखी ऑगस्ट संपता संपता येते, गेल्या वर्षी तशीच आली होती. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेल्या वर्षी धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यानं सगळे सण पुढे ढकलले होते, आणि मी वेडी त्याच वर्षाच्या आठवणीवर यंदाचा हिशेब करून मोकळी झाले होते. नव्या कॅलेंडरचं ते पान उलटून बघायचंही मला सुचलं नव्हतं. सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असलेली बाई, आणि स्वतःच्या देवीची वेळ चुकले. महालक्ष्म्या सहा आठवड्यांच्या चांगल्या दहा-बारा दिवस आधी येणार होत्या.

सुरेखा हसली. तिला वाटलं, मीही हसेन. मी भिंतीकडे तोंड केलं आणि रडले. नवसाची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती, तेव्हाही सांगितली नाही. डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा मी त्यांना विनवलं, एकच दिवस, थोडाच वेळ हात वर केला तर? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'आत मोठी जागा रिकामी झाली आहे. ती भरून यायला वेळ द्या. ताण पडला तर पाणी साठेल, टाके उसवतील, पुन्हा इथेच याल.' मी मान हलवली आणि मनात ठरवलं, बघू.

घरी आल्यावरचे आठवडे तसे शांत गेले. नळी निघाली, टाके सुकले. पहाटे पाठीवर पडल्या पडल्या मी पाखरांचे आवाज ऐकायची, एरवी त्या वेळेला मी आगारात तिकिटाचं मशीन घेत असायची. आरशात बघायची सवय हळूहळू केली. डावीकडे सपाट, मधे एक लांब वण. बाहेर जायचं तर घालायला दवाखान्यातून एक मऊ कापडी पॅड दिलं होतं, ते मी घरातही घालून बसत होते. कुणी अचानक आलं तर? पण खरा घोर वेगळाच होता. मी गुपचूप हात वर करून बघायची. खांद्यापर्यंत गेला की आतून कुणीतरी कापड टरकावल्यासारखं व्हायचं आणि मी दात आवळून हात खाली घ्यायची. देवी, आता तूच सांग, शब्द मोडू की टाके? असं मी रोज म्हणत होते. 

शेवटी मी मन घट्ट केलं आणि ठरवलं की यंदा सुरेखा उभ्या करील आणि मी बाजूला उभी राहून हात टेकवीन. देवी तेवढं चालवून घेईल. सुरेखा आदल्या दिवशी आली, तिनं रांगोळीची पावलं काढली, लाडू वळले, भाज्या निवडल्या. आणि आवाहनाच्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून बाहेर आली ती तोंड पाडून. तिची पाळी आली होती. पडवीच्या टोकाला घोंगडी टाकून ती बसली आणि मुसमुसू लागली, 'अक्का, माझंच नशीब फुटकं.' मी स्वतः त्या दिवसांत पोट धरून गाडीत उभी राहिलेली बाई. बाहेर मी अशा गोष्टी मानत नाही. पण सासूबाई हयात नसल्या तरी त्या सकाळी त्यांची रीत मोडायची माझी छाती झाली नाही, खोटं कशाला सांगू? शेजारणींना बोलवावं तर प्रत्येकीच्या घरी तीच घाई, तीच वेळ. हे म्हणाले, 'मी करतो, काय होतंय?' आणि त्यांनी कोठीला साडी गुंडाळायला घेतली. भुईमुगाच्या पोत्याला दोरी आवळावी तशी त्यांनी ती आवळली. आमच्या घरात पुरुष कोठीला हात लावत नाहीत, पण ती साडी बघून मला वाटलं, रीत नसती तरी चाललं नसतं. मी म्हटलं, 'सोडा, मी बघते.'

हे बाहेर गेले. रात्रीपासून पाऊस धरून होता, त्यांना हळदीत तुंबलेल्या पाण्याला वाट काढायची होती. घरात मी आणि त्या दोन रिकाम्या कोठ्या. मुखवटा झेपतोय का ते आधी बघावं म्हणून मी पाट ओढला, त्यावर चढले आणि मुखवटा उचलायला वाकले. पितळेचा मुखवटा चांगला जड असतो. तो छातीपर्यंत आला आणि डाव्या बाजूला अशी कळ उठली की मला तो पुन्हा खाली ठेवावा लागला. मी पाटावरच बसले. खूप भीती वाटली. वाटलं, हीच ती खूण, आता सगळं पुन्हा सुरू होणार. पुन्हा ते सलाईन, पुन्हा ते ओकणं. मी देवीला हात जोडले नाहीत की काही मागितलं नाही. नुसतं म्हणाले, माझ्यानं होत नाही बाई. तुला काय करायचं ते कर. इतक्या वर्षांत देवीपुढे हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले असेन.

तेवढ्यात दारात शेखभाईंचा आवाज आला. शेख ड्रायव्हर आणि मी किती वर्षं एकाच गाडीवर आहोत, माझ्या घरचा रस्ता त्यांना ठाऊक. ते म्हणाले, 'बाई, वढ्याला पानी चढलंय, गाडी पाराजवळ लावली. ह्या बायांना तकलीफ होऊन राहिली व्हती, म्हनून तुमच्याकडं आनलं.' त्यांच्यामागे तिघी बाया होत्या, डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेतलेल्या, घोट्यापर्यंत चिखल. पाऊस असा लागला की बायांची कशी पंचाईत होते हे कंडक्टरला सांगावं लागत नाही. मी डोळे पुसले, त्यांना न्हाणी दाखवली, पडवीतूनच सुरेखाने पाण्याची बादली कुठं आहे ते सांगितलं.

त्यांच्यातली एक म्हातारपणाकडे झुकलेली, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दातांना मिश्री. हातपाय धुऊन ती थेट देवघरापाशी आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

'व माय, दिवस कुठं चालला आन् तुमच्या महालक्ष्म्या अजून उघड्याच? काहून?'

 मला रडू फुटलं आणि मी सगळं बोलून गेले. ऑपरेशन, हात, जावेची अडचण, आणि ज्याची वाच्यता नवऱ्याजवळही केली नव्हती तो नवस. अनोळखी माणसाजवळ मन मोकळं करणारे प्रवासी मी रोज बघते, त्या दिवशी त्यांतली एक झाले. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता पदर खोचत होती.

'नवस बोलताना तिला विचारलं व्हतं का, का तुला माझ्याच हातचं पाहिजे म्हनून?'

मी नाही म्हणून मान हलवली.

'न्हाई ना? मंग तुमीच ठरवलं, तुमीच घाबरल्या. बसा तिथं. आन् तोंडानं सांगा, तुमच्या घरची रीत काय हाय ती. उगं उठू नका.'

मी म्हटलं, 'मावशी, तुमच्या घरी?'

ती कोठीत गव्हाची ओंजळ टाकत म्हणाली, 'त्येच तर. माझ्या घरी दोघी वाट बघून राहिल्या असतील. मी लेकीकडं बाळंतपणाला गेले व्हते, सकाळच्यानं गाडीत बसले ती हितं अडकले. आता सूनबाई करंल. कधी हात लावू दिला न्हाई तिला. येतंय तिला सगळं, मी नसल्यावर जरा चांगलंच करंल.' आणि ती स्वतःशीच हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का, ते मला नीट दिसलं नाही.

मी समोर बसले. माझे दोन्ही हात मांडीवर होते. ती भराभरा काम करत होती आणि मी सांगत होते, आधी ज्येष्ठा, मग कनिष्ठा, हिरवी साडी थोरलीला. साडी नेसवायची वेळ आली तेव्हा मी सासूबाईंच्या वेळचं एक गाठोडं दाखवलं. त्यात जुन्या धोतरांच्या घड्या होत्या. कोठी समोरून सपाट असते, म्हणून आम्ही चोळीच्या आत त्या घड्या भरून देवीला छाती करतो, मग पदर छान बसतो. तिनं गाठोडं उघडून बघितलं आणि परत बांधून ठेवलं.

'आमच्याकडं न्हाई भरत. तिचं पोट धान्यानं भरलं म्हंजे झालं. कोठी हाय तशीच ठेवतो. तुमची रीत असंल तर भरते बापा.'

माझा हात नकळत माझ्या गाऊनवर गेला. आत ते कापडी पॅड होतं, टाक्यांना टोचत होतं. मला काय वाटलं ते मी सांगून टाकते. मला एकदम फार लाज वाटली, आणि लगेच ती लाज निघूनही गेली. इतकी वर्षं देवीची कोठी मी रिकामी बघत होते, भरत होते, सजवत होते, आणि ती सपाट आहे म्हणून ती देवी नाही असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी म्हटलं, 'राहू द्या मावशी. हाय तशीच छान हाय.'

मग तिनं पदर चापूनचोपून बसवला, मुखवटे वर नेले आणि हलकेच टेकवले. दरवर्षी या वेळी मी देवीच्या पाठीमागे असायची, तोंडात टाचण्या, काखेत साडीचा काठ, जीव सगळा निऱ्यांत. मुखवटा बसतानाचा देवीचा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. तो त्या दिवशी समोर बसून बघितला. पत्र्याची कोठी होती आणि क्षणात तिथे कुणीतरी येऊन उभं राहिलं, असं मला दिसलं. त्याचा अर्थ मी लावत नाही. मला भरून आलं, आणि बऱ्याच दिवसांनी छातीत भीती नव्हती.

मग मी सगळ्यांना चहा करून दिला, तो पिऊन होतो तोच पाराकडून हॉर्न वाजला. ओढा उतरला होता. तिघी उठल्या. मी त्या मावशीची ओटी भरायला निघाले तर ती म्हणाली, 'तांदूळ नको, लाडू द्या दोन, भूक लागली. आन् च्यात साखर लई टाकता तुमी.' सुरेखाच्या जवळून जाताना ती थांबली आणि म्हणाली, 'रडून नको राहू गं, पुढल्या साली तुझीच बारी हाय.' आणि चिखलातून पदर सावरत निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य झाला, संध्याकाळी गावातल्या बाया हळदीकुंकवाला आल्या. मी आत जाऊन ते पॅड काढून ठेवलं आणि साधा सुती ब्लाउज घालून देवीशेजारी बसले. बायांनी माझ्याकडे बघितलं, हे मला कळलं. शेजारच्या काकूंनी हळदीकुंकू लावलं, मग माझ्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, 'आधी सांगितलं असतंस तर रोज वेणी घालायला आले असते की.' मी काकूंच्या गळ्यात पडले. जी कीव टाळायला मी इतकी वर्षं धडपडले, ती कुणाच्याच डोळ्यांत नव्हती. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उतरवायच्या होत्या. त्या दिवशी मी स्वतःहून तोंड उघडलं आणि काकूंना मदतीला हाक मारली.

ठरल्याप्रमाणे आधी चौकशीच्या खिडकीवर आणि मग गाडीवर गेले. पिशवीचा पट्टा आता छातीवर सपाट बसतो, दुखत नाही. पहिल्याच फेरीत मी शेखभाईंना विचारलं, 'त्या दिवशी ती मिश्री लावलेली मावशी होती ना, ती आठवते का?' खरं सांगते, माझ्या मनात होतं की ते म्हणतील, कोण मावशी, दोघीच तर बाया होत्या. तसं झालं असतं तर मीही चारचौघांत सांगितलं असतं की साक्षात देवी येऊन गेली. शेखभाई गियर टाकत म्हणाले, 'ती व्हय? औंढ्याच्या अलीकडं फाट्यावर उतरली. उतरताना भांडली माझ्यासंगं, तुमच्यामुळं उशीर झाला म्हनली. जसा काय मीच पूर आनला!' मी इतकी हसले की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. आणि हसता हसता मला तिच्या घरच्या देव्हाऱ्यापाशी साडीच्या निऱ्या घालणारी, सासूच्या धाकात राहिलेली ती सून दिसली. माझ्या घरी कृपा पोचवायला देवीला त्या मावशीला तिच्या घरापासून दूर ठेवावं लागलं, आणि तिच्या घरीही देवी रिकाम्या हातानं गेली नसणार. असं असेल किंवा नुसता पाऊस असेल. मी दोन्हींची ऋणी आहे.

एवढं मात्र मला समजलं. मी देवीशी तिकीट फाडल्यासारखा व्यवहार करत होते, हे घे आणि ते दे. तिनं मात्र हातात काही न घेता मला पोचवलं. हात चालत होते तोवर मला वाटायचं की मीच तिला उभी करते.

यंदा श्रावणात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हात पूर्ण वर जातो. घरी आल्यावर मी आधी कॅलेंडर नीट बघितलं आणि मग सुरेखाला फोन लावला. म्हटलं, 'यंदा महालक्ष्म्या तू उभ्या कर. मुखवटे तूच बसव. मी समोर बसते.'

 तर ती घाबरून विचारते, 'काहून अक्का? हात पुन्हा दुखून राहिला का?'

'न्हाई गं,' मी म्हटलं, 'हात बरा झाला. म्हनून तर सांगून राहिले.'